दाबाची वही

कितोच्या वरच्या अंगाला, निलगिरीच्या झाडांखाली
सेगुंदो किश्पेची जमिनीतली खोली.
सव्वीस वर्षं काम एकच :
डोंगरावरून नळात उधळत आलेल्या पाण्याचा
माज उतरवणे.
चाक आवळायचं, काटा अकरावरून तीनवर,
मग टॉर्च दातांत धरून वहीत आकडा.
नाहीतर खाली कुणाच्या तरी मोरीत
पाइप फुटायचा, आणि शिव्या याला.

उतरलेला माज जायचा कुठे,
त्याला वहीत रकाना नव्हता.
भिंत तेवढी थरथरायची.

मार्चमध्ये दोन इंजिनियर पोरी आल्या,
व्हॉल्व्हच्या जागी हंड्याएवढं टर्बाइन बसवून गेल्या.
आता पाणी जाता जाता पाती फिरवतं
आणि तीनच्याच दाबानं, निमूट, शहरात उतरतं.
चवीला तेच.
त्यानं दोनदा पिऊन पाहिलं.

खोलीत दिवा लागला.
सेगुंदोनं पहिल्यांदाच स्वतःचं अक्षर
धड उजेडात पाहिलं :
सगळे तीन आठसारखे,
पानोपानी लाळेचे वाळके डाग.

रात्री म्हणाला, रोसाउरा,
एवढं सगळं मी नुसतं दाबत होतो गं.

ती म्हणाली, जेव आधी.
निवतंय.