शेपटीपासून

शेपटीपासून सुरुवात कर, एसोम्बे सांगायचे.
तोंडावरून यांची ओळख पटत नाही:
ओठ नाहीत, दात नाहीत,
एक भोक आणि मागे सरळ नळी.

कुम्बाच्या दवाखान्यात वीज दुपारी जायची.
मायक्रोस्कोप खिडकीशी नेऊन
आम्ही आरशात ऊन धरायचो.
काचेवर जांभळ्या डागात वेटोळलेली पिल्लं,
अंगभर केंद्रकांचे ठिपके,
मुंग्यांची रांग लागावी तसे.

रांग पार टोकापर्यंत गेली, भोवती खोळ आहे: लोआ.
टोकापर्यंत गेली, पण खोळ नाही, शेपूट बोथट: मॅन्सोनेला.
खोळ आहे आणि टोक रिकामं: वुचेरेरिया,
ती मध्यरात्री रक्तात येते, भरदिवसा शोधू नकोस.
चौथी नदीकाठची, आंधळं करणारी.
ती रक्तात नसतेच,
तिच्यासाठी कमरेची कणभर कातडी काढायची.

बाजाराच्या दिवशी न्तुबे आली,
डाव्या डोळ्याच्या पांढऱ्यातून एक दोरा सरकत होता.
एसोम्बेंनी थेंब घातला, चिमट्यानं हळूच ओढला.
बोटाएवढा लांब. स्पिरिटच्या बाटलीतही वळवळला.

नर की मादी? तिनं विचारलं,
डोळ्यावर बोळा तसाच धरून.
एसोम्बेंनी भिंग लावलं.
शेपूट वळलेलं नाही, काटे नाहीत,
कातडीवर बारीक उंचवटे.
मादी.

मग पोरं?
ती मी मोजत होते. एका थेंबातच
दोनदा चुकले, तिसऱ्यांदा वहीत आकडा लिहिला
आणि एसोम्बेंकडे सरकवला.
त्यांनी चष्मा काढला.

गावात नदीच्या रोगाच्या गोळ्या वाटत होते.
हिला नाही द्यायच्या, ते म्हणाले.
एवढी सगळी एकदम मेली
तर मेंदू सुजेल.

कुळ कोणतं यांचं? न्तुबेनं विचारलं.
बाकोसी बाईला ते आधी कळायला हवं.
एकच, एसोम्बे म्हणाले. चौघींचं एकच.
म्हणजे ती आंधळं करणारी हिची चुलत बहीण?
हो.
मग बहिणीचं औषध घरात आलं
तर मरायचं मी का?

एसोम्बेंनी बाटलीवर चिठ्ठी चिकटवली.
तारीख घातली. जात लिहिली.
गोळीच्या रकान्यात मी आडवी रेघ मारली,
जरा जास्तच दाबून; मागच्या पानावर उमटली.

संध्याकाळी ती चुलीवर केळी भाजत होती,
रबराच्या बागेच्या कडेला, एका डोळ्यानं.
ओल्या लाकडाचा धूर वर चढत होता.
त्या माशीला धूर आवडतो,
हे तिला सांगायचं राहिलंय,
असं म्हणत मी
दोन केळी घेतली.