किटलीनंतर उजवीकडे

सोहारहून मस्कत, अडीच तास.
सहाला निघालो तेव्हा धुरकट उजेडात
समुद्र अजून ठरवत होता, आज दिसायचं की नाही.
मागे ओजस, वय वर्षं नऊ,
पुढे त्याचा बाबा,
दोघांचं आपलं चाललेलं :
"किटलीनंतर उजवीकडे."
"आधी दोन होड्या, मग पांढरी मशीद, मग किटली."
पाट्या दोन-दोन लिप्या घेऊन उभ्या होत्या,
त्यांच्याकडे कुणीच बघत नव्हतं.

शाळा म्हणाली, तीन भाषांचा गोंधळ होतोय,
घरात मराठी बंद करा.
केली. महिनाभर
आम्ही एकमेकांशी पाहुण्यांसारखे बोललो.
मग कळलं, तो तिन्हींत सारखाच अडखळतो,
उजवीकडून डावीकडे, डावीकडून उजवीकडे,
शिरोरेघेला लटकूनसुद्धा.
भ चा म. घ चा ध.
आणि मी रोज संध्याकाळी, कुकर लावून,
"लिहिलंय तेच वाच रे. मनचं नको."

डॉक्टर शमसा माझ्या मोडक्या हिंदीला
त्यांच्या मोडक्या हिंदीने सांभाळून घेत होत्या.
मान कधी धरली? पालथा कधी? रांगला?
पहिला शब्द? दोन शब्द जोडून?
मला आठवत होती फक्त न मिळालेली झोप
आणि फोनवर आत्याबाई :
उंबरा ओलांडला की नारळ फोडा गं.
इथे कुठला उंबरा! दाराशी अॅल्युमिनियमची पट्टी.
तिच्यावरच फोडला. पाणी जिन्यापर्यंत गेलं,
समोरची मलबारी ताई फडकं घेऊन धावली.

रांगला नाही तो.
बसल्या बसल्या सरकायचा, एक पाय मुडपून,
आणि एके दिवशी सुटकेस धरून उभाच.
तेच का हे?
लावायला हवं होतं का मी रांगायला?
फरशी गार पडायची, मी उचलून घ्यायचे.
"नाही," शमसा म्हणाल्या,
"न रांगलेली कितीतरी मुलं धडाधड वाचतात."
इतकं सहज म्हणाल्या
की दोन वर्षांचं ओझं उतरवून
ठेवायचं कुठे, ते कळेना.

तारखा हव्या होत्या, म्हणून डायरी काढली.
निळी, मनी एक्स्चेंजने फुकट दिलेली.
माझी लॅबमध्ये रात्रपाळी,
हेमराज प्लांटवरून येऊन लिहायचा :
*पाथला पडला.*
*पहिला धास, वरणभात.*
*वोलला. आबा.*
तारीख एका ठिकाणी १२, खाली त्याच गोष्टीला २१.
किती हसायचे मी या डायरीवर.
घाईत लिहितो, म्हणायचे,
लेकाच्या कौतुकात शुद्धलेखन कोण बघतंय.

आज पांढऱ्या दिव्याखाली
अक्षरांकडे बघितलं, आणि हसू अर्ध्यावर राहिलं.
ही अक्षरं मी रोज संध्याकाळी बघते.

बँकेचे फॉर्म मी भरते, अकरा वर्षं.
हॉटेलात मेनूकार्ड मिटून तो म्हणतो,
तुझं तेच माझं.
मला वाटायचं, संसार म्हणतात तो हाच.

"घरात आणखी कुणाला असं?"
नाही म्हणायला मी सवयीने तोंड उघडलं.
हेमराज खिडकीबाहेर बघत होता.
ठिणग्यांनी डागलेला अंगठा डायरीवर दाबून म्हणाला,
"मी सातवीतच शाळा सोडली. मार सोसेना.
हिला बारावी सांगितली होती."

परतताना बरका येईपर्यंत कुणी बोललं नाही.
रागवायचं होतं मला. जमवत होते.
मागे ओजसच्या मांडीवर डायरी,
ओळीखाली बोट,
"पा... थ... ला."
थांबला. माझ्याकडे बघितलं, चुकलं का म्हणून.
नव्हतं चुकलं.
लिहिलंय तेच वाचलं होतं त्याने.
"पुढे वाच," बाबा म्हणाला,
आणि किटलीचं वळण
मागे राहून गेलं.