गुरुवारपर्यंत

काटा पुन्हा अर्ध्यावर उतरलाय.
काल रात्री वाकून, गुडघ्याला शिव्या देत
मी तो दीडवर आणून ठेवला होता.
सकाळी बघते तर हा खाली,
आणि बॉयलरखालच्या वाडग्यात चहाच्या रंगाचं पाणी.

गेथिन साडेनऊला आला. बूट दारातच काढले.
आईनं वळण चांगलं लावलंय,
त्याच्या आईला मी शाळेत जेवण वाढायचे.
पत्र्याला कान लावून ऐकलं त्यानं बराच वेळ,
डॉक्टर ऐकतात तसं,
आणि डॉक्टरांसारखाच लगेच काही बोलला नाही.
मग म्हणाला, आतला हीट एक्स्चेंजर चिरलाय.
भाग मिळेल, पण कुणाच्यातरी घरातून काढलेला.
चारशे पौंड, आणि त्याची हमी मी देणार नाही.
नवा घेतलात तर अडीच हजार.
पुढची दहा वर्षं बघायला नको.

दहा वर्षं.
मी एक्क्याऐंशीची आहे, गेथिन.

तो खिडकीतून खाणीच्या ढिगाऱ्यांकडे बघत राहिला.
या गावात कुणाला काही सुचलं नाही
की सगळे तिकडेच बघतात.
काळा दगड, त्यावर पाऊस,
आणि आमच्या भिंती त्याच दगडाच्या,
हातभर जाड, आतून कायम ओल्या.

कार्डिफहून लोवरीचा फोन.
आई, हा प्रश्न तरी आहे का?
तिच्या घरात जमिनीतून ऊब येते.
मी तिथं गेले की माझे पाय सुजतात.

हिशेब मी स्वयंपाकघरात पाकिटाच्या पाठीवर मांडला.
चारशे भागिले एक हिवाळा.
अडीच हजार भागिले किती?
तो आकडा कुणाला विचारायचा?
गुडघ्याच्या वेळी डॉक्टरांनी
हेच विचारलं होतं मला, जरा गोड शब्दांत.
तेव्हा इदवाल होता. तो म्हणाला, बदला.
स्वतःचं काही असलं की म्हणायचा, चालतंय.

बॉयलरला तो सपात मारायचा.
डाव्या पायातली. उजवीनं पेटायचा नाही, शपथेवर सांगते.
दोन वर्षांपूर्वी तो गेला, तेव्हापासून मी मारते.

गेथिननं झाकण उतरवलं आणि आतून बघत थबकला.
म्हणाला, हे तुम्ही वाचलंय का?

पेन्सिलनं, त्या बारीक, मागे कललेल्या अक्षरात:
नोव्हेंबर ०९. पंखा. १४०.
जानेवारी १२. व्हॉल्व्ह. ९०.
फेब्रुवारी १४. पंखा परत. १६५.
मार्च १६. बदलाच म्हणाला. हिला सांगितलं नाही.

हिला.

त्याच मे महिन्यात आम्ही बोटीनं आयर्लंडला गेलो होतो,
माझ्या बहिणीला शेवटचं भेटायला.
परवडतंय का, मी विचारलं होतं.
तर म्हणाला, बॉयलर अजून ठणठणीत आहे.
मला वाटलं, याला ऐकू कमी येतंय.

आणि पुढचे सात हिवाळे
पहाटे पाचला याच्या बाजूची गादी गार.
म्हातारपणी झोप कमी होते, मी सगळ्यांना सांगायचे.
मी उठायचे तेव्हा घर उबदार असायचं.

रडू नाही आलं.
राग आला, चांगला सणसणीत.
खोटं तू बोललास, आणि वाडगा उपसतेय मी!
गेथिन गुपचूप पाने पुसत राहिला.

नवा बसव, मी म्हटलं.
गुरुवारी जमेल, तो म्हणाला. झाकण ठेवू का तुमच्यासाठी?
कशाला? भंगारात घाल. जे येतील ते तू घे.
पण पेन्सिल आहे का तुझ्याकडे?

खाली गुडघा टेकवता येत नाही,
म्हणून झाकणच टेबलावर घेतलं.
त्याच्या शेवटच्या ओळीखाली लिहिलं:
फेब्रुवारी २५. बदलतेय. तुला सांगतेय.

गुरुवारला अजून तीन रात्री आहेत.
आत्ता अकरा वाजलेत, ढिगाऱ्यांवर बर्फ भुरभुरतोय.
डावी सपात काढते.
एक.
काही नाही.
दोन.
आत कुठेतरी टकटक, खोकल्यासारखी धाप,
मग खिडकीएवढ्या चौकोनात निळं.

पेटला, मेला.