रंग पक्का

सोलापूर खरं तर वाटेतला थांबा.
तिकीट पुढचं, वर्कलाचं, समुद्राचं, एकटीचं.
पेद्दम्माला सांगितलं, ऑफिसचं काम आहे तिकडे.
ती म्हणाली, बरं. आणि पंखा माझ्याकडे वळवला.

दोन दिवस पूर्व भागात
मे महिना पत्र्यावर तापत होता.
शेजारचे माग थांबले की दुपार एकदम मोठी व्हायची.
विठोबामामा येऊन गेला, त्याच्या सुना, व्याही,
समोरची अंबुबाई तर दोनदा.
"एकटीच आलीस?"
मी चार तऱ्हांनी हो म्हणून पाहिलं.

निघायच्या सकाळी पेद्दम्मा
शेंगाचटणी बॅगेत कोंबत होती,
कडक भाकऱ्या, वर एक चादर,
(चाळीस डिग्रीत चादर!)
आणि तिच्या हाताला लागला
पोहायचा निळा पोशाख, लेबलासकट.

मी तोंड उघडलं. मिटलं.

जन्मभर विड्या वळलेली बोटं
शिवणीवरून सावकाश फिरली,
तेंदूचं पान पारखावं तशी.
मग नळाखाली तिनं एक कोपरा भिजवला,
पांढऱ्या टॉवेलवर खसाखसा घासला,
दारातल्या उन्हात धरून पाहिला.
"तुझे पेद्दनान्ना रंगाच्या हौदावर होते.
म्हणायचे, खाऱ्या पाण्यात भलेभले उतरतात."

टॉवेल ओला, पांढराच.

"पक्का आहे," म्हणाली.
लेबल दातानं तोडून टाकलं,
बॅगेची चेन ओढता ओढता, माझ्याकडे न बघता :
"तुझं ऑफिस चादरीच्या घडीत ठेवलंय.
चटणी लागायला नको."