पट्टीची मागची बाजू

अडतीवर माझं काम पट्ट्या लिहायचं.
राजापुरी, चौदा पोती,
हमाली वजा, तोलाई वजा.
कार्बन वाकडा लागला तर शेट ओरडतात,
सरळ लागला तर कोणीच काही म्हणत नाही.
बिघडलेल्या पट्ट्या मी घरी आणते.
मागची बाजू कोरी असते.

हळद कागदावरून जात नाही.
माझ्या पहिल्या कथेवर पिवळे अंगठे होते.
दिवाळी अंकाच्या संपादकांनी फोनवर विचारलं,
"स्वयंपाक करता करता लिहिता का?"
हो म्हणाले.
यार्ड समजावून सांगायला वेळ नव्हता,
दूध वर आलं होतं.
म्हणजे अगदीच खोटं नव्हतं.

श्रेणिक सात वर्षांचा.
रिक्षावाले मामा त्याला शाळेतून थेट गेटवर सोडतात.
बारदानाच्या थप्पीवर बसून तो पाढे म्हणतो, शिंकतो,
हमालांकडून शिव्या शिकतो
आणि रात्री मला अर्थ विचारतो.
एका शब्दाचा अर्थ मी 'मोठा दगड' सांगितला.
परवा 'वाक्यात उपयोग करा'मध्ये
त्यानं तो घातला.
बाईंनी बोलावलंय.

म्हातारे तोलाईदार सांगतात,
पूर्वी सौदे रुमालाखाली व्हायचे.
दोन हात आत, बोटांवर बोटं,
भाव फुटला तरी वर चेहरा कोरा.
मला ते लगेच कळलं.
माझाही एक हात सतत आत असतो.
बाहेरच्या हातानं मी डबा भरते,
दप्तराची चेन दातांनी ओढून बसवते,
फॉर्मवर 'वडिलांचे नाव' या रकान्यात
एक छोटी आडवी रेघ मारते.
आत कोणीतरी माझं बोट दाबून
आणखी एक वाक्य मागत असतं.
मी देत नाही. घासाघीस चालू राहते.

खालच्या चौगुलेकाकू
दिवस मावळायच्या आत अंथऊ करून मोकळ्या.
माझी आईही तशीच होती.
मी साडेनऊला जेवते, ओट्याशी, उभ्यानं.
काकू जिन्यातून बघतात, बोलत नाहीत.
कधीतरी चारला आमटीची वाटी पाठवतात,
उजेड असताना.

खरं सांगायचं तर
लिहिलेलं मी त्याला वाचून दाखवते,
झोप लागावी म्हणून.
त्याचा श्वास जड होतो तिथं पेनानं खूण करते,
आणि माझेही डोळे मिटतात.
माझ्या सगळ्या कथा त्या खुणेवर संपतात.
एका परीक्षणात आलं होतं,
'शेवट न सांगण्याचा लेखिकेचा संयम लक्षणीय.'
संयम कसला!
पोराला झोप लागली होती.

ऑगस्टात आयर्विन पुलापाशी पाणी अडतीस फुटांवर होतं.
लाईट गेलेली. रस्त्यावर महापालिकेचा भोंगा फिरत होता.
मी मोबाईलच्या उजेडात वाचत होते:
एक बाई घर सोडून निघते,
एसटी स्टँडवर येऊन बसते,
बॅग मांडीवर.
तो झोपला नाही.
"पुढं?"
"उद्या."
"उद्या नाही. तिचा मुलगा कुठाय?"

कथेत मुलगा नव्हता.
होता खरं तर, पहिल्या खर्ड्यात.
मीच काढून टाकला,
बाईला एकटीला चढता यावं म्हणून
मिळेल त्या गाडीत.

मी गप्प.
भोंगा लांब गेला, परत जवळ आला.
तो कुशीवर वळला, त्यानंच विचार केला,
"शूला गेला असंल.
थांबू दे की तिला. येतोय."
आणि झोपला.

पाणी उतरलं.
यार्डात ओल्या बारदानाचा वास अजून आहे.
शेवटची तारीख शुक्रवार होती, आज रविवार.
कोल्हापूरची गाडी गेली, तासगावची लागली.
ती बाई बाकावरून उठलेली नाही.
पट्टी संपत आलीय,
मी कडेनं, उभं लिहितेय.