शनिवारची हजेरी

शनिवारी साडेसहाला गोविंद सारंगांच्या दुरुस्तीच्या दुकानाचं
शटर अर्धंच खाली येतं.
म्हणजे गिऱ्हाइकांना बंद,
आम्हांला वाकून उघडं.
आत सात स्टुलं, आठ माणसं,
कुणाचा तरी मिक्सर पोट उघडून पडलेला,
आणि सोल्डरच्या धुरात मिसळलेला
शेजारच्या बेकरीचा वास.

वेंगुर्ल्यात एवढी उंच इमारत नाही,
म्हणून आमची तार माडाला बांधलेली.
माड गडेकरांचा. ते क्लबात नाहीत,
पण दर पाडपाला खालून ओरडतात,
"काय रे, अमेरिका गावली?"
"अमेरिका नाय, चिली गावली!"
"मगे तकडे नारळाचो दर काय ता इचार."

चिली खरंच गावली होती, मार्चमध्ये.
तिकडच्या टोकावरचा एक म्हातारा खरखरीतून विचारत होता
तुमच्याकडे हवा कशी आहे.
इनास म्हणाला, सांग, बरी.
शमशाद टीचर म्हणाल्या, बरी काय, भूगोलात असं उत्तर नसतं.
गोविंद म्हणाला, मळभ आहे.
मळभाला इंग्रजीत काय म्हणायचं
यावर आमचं एकमत होईस्तोवर
म्हातारा हळूहळू समुद्रात विरघळून गेला.
वही माझ्याकडे असते.
मी लिहिलं: चिली, ७:४०, आवाज क्षीण,
हवामान ठरलं नाही.

भालचंद्र तांडेल पहिल्यांदा आला
तो बापाचा जुना रेडिओ घेऊन.
बर्फाच्या कारखान्यात असतो.
काय बिघडलंय ते सांगायला त्याला
एक कप चहा निवेपर्यंत वेळ लागला.
ब वर अडतो तो, भ वर अडतो,
म्हणजे स्वतःच्या नावावर आणि स्वतःच्या धंद्यावर.
लहानपणापासून लोक त्याची वाक्यं
त्याच्या आधीच संपवत आलेले.

गोविंदने त्याच्यापुढे की ठेवली,
करवतीचं पातं आणि कपाटाची मूठ जोडून केलेली,
आणि ब वाजवून दाखवला:
डा डिट डिट डिट.
भालचंद्र बघतच राहिला.
इथे ते अक्षर मुळातच अडखळत होतं,
जगात सगळ्यांचंच,
आणि कुणी मधे बोलत नव्हतं.

पुढे तीन महिने तो टेबलावर, मांडीवर,
बर्फाच्या लादीवर बोटं आपटत होता.
इनासच्या मोटरसायकलवर मागे बसून
गोव्याला परीक्षा देऊन आला.
आता तो सुरू झाला की आम्ही
पत्ते खाली ठेवतो.
भरती चढावी तसा हात चालतो त्याचा,
एकसारखा, आणि जरासा पुढे झुकलेला.
परवा जपानहून कार्ड आलं.
पोस्टमनने चुकून बेकरीत टाकलं,
त्यावर खारीचा चुरा.
मागे कुणा अनोळखी माणसाने लिहिलं होतं,
तुमचा हात मी गर्दीतही ओळखेन.
भालचंद्रने वाचलं, खिशात ठेवलं,
आणि सगळ्यांच्या चहाचे पैसे दिले.

साडेआठला शटर पूर्ण खाली येतं.
मग घरी जाऊन हँडसेटवर हजेरी,
असा नियम आहे, कुणी केला आठवत नाही.
शमशाद टीचर: पोचले, कुकर लावला.
इनास: पोचलंय, कुत्रो भुकता हा, ओव्हर.
गोविंद दुकानाच्या वरच राहतो,
अकरा पायऱ्या,
तरी म्हणतो, सुखरूप पोचलो.
माझा नवरा विचारतो,
आताच तर भेटलात, परत काय बोलता?
मी हात वर करून त्याला गप्प करते,
कारण एक राहिलेला असतो.

कारखान्याच्या फाटकाशी पोचला की
भालचंद्र काही बोलत नाही.
नुसतं बटण दोनदा दाबतो.
खुट् खुट्.

मी लिहिते: ८:५२, तांडेल, पोचला.
खाली, गेले वर्षभर लिहितेय तेच:
आठवं स्टूल आणायचं आहे.