बोटभर अंतर

ग्रोनिंगेनच्या कचेरीत मध्यरात्री
फोक्येच्या पडद्यावर वाडन समुद्राचे चौकोन,
प्रत्येकात एकच आकडा: तळ किती खोल.

शंभर वर्षांची उधाणं आणि भांग
ती एका रात्रीत चालवून पाहते.
रेतीचा कण उठतो, थोडा जातो, बसतो,
ओहोटीला परततो,
पण नेमका तिथेच नाही.
त्या बोटभर चुकण्यावर
बेटं सरकतात.

सकाळी वीब्रन, पोटऱ्यांपर्यंत चिखलात,
काठी खुपसून म्हणतो,
"गेल्या पंधरवड्यात इथं नाळ होती."
मॉडेलमध्ये ती अजून वाहतेय.

फोक्ये बूट उपसते.
खड्ड्यात पाणी पाझरतं, कडा ढासळतात, सपाट.
"चार मिनिटं," ती पुटपुटते.

"चल," तो म्हणतो,
"पाणी वळलं."